जपानमधील उवाजिमा शहराविषयी माहिती हवी आहे

वेंगुर्लेकर_आबा :

नमस्कार मंडळी,

माझ्या पुतण्याचे मत्स्यविज्ञानाचे शिक्षण रत्नागिरीत झाले आहे. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी 2021 मध्ये कुशल कामगारांविषयी जो करार झाला, त्यानुसार त्याला जपानमधील उवाजिमा येथे मत्स्यशेतीचे काम मिळण्याची शक्यता आहे. जपानी भाषेची परीक्षा तो उत्तीर्ण झाला असून कामाच्या कौशल्याची परीक्षा अजून व्हायची आहे. तोक्यो, ओसाका, हिरोशिमा ही नावे आमच्या घरात सर्वांनी ऐकलेली आहेत, पण उवाजिमा हे नाव पहिल्यांदाच कानावर आले. नकाशात पाहिले तेव्हा शिकोकू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगर आणि खाड्या यांच्या बेचक्यात ते सापडले.

शोध घेतल्यावर जी माहिती मिळते ती बहुतेक पर्यटकांच्या उपयोगाची आहे : एक जुना किल्ला, बैलांच्या झुंजी आणि कच्च्या माशाचा भात. मला मात्र तिथे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जाणून घ्यायचे आहे. शहर केवढे आहे, लोक कशावर जगतात, हवा कशी आहे, मत्स्यशेती म्हणजे नेमके कोणते काम करावे लागते आणि तरुण मुलाला तिथे चार-पाच वर्षे काढणे जमेल का? आमची थोडी हापूसची कलमे आहेत. उवाजिमाचे डोंगर संत्र्यासारख्या फळांच्या बागांनी भरलेले आहेत असे वाचल्यामुळे त्या बाबतीतही कुतूहल आहे. मोठे बंधू आणि वहिनी यांना कळेल अशा भाषेत कुणी लिहिल्यास उपकार होतील.

दर्यासारंग :

आबा, उवाजिमाच्या दक्षिणेला आइनान नावाचे गाव आहे. उवाजिमा ज्या एहिमे प्रांतात येते, त्याच प्रांताच्या एहिमे विद्यापीठाचे मत्स्य-संशोधन केंद्र तेथे असून मी तिथे काही काळ काम केले आहे. मी मूळचा मालवणचा, त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची काळजी समजू शकतो.

प्रथम शहराच्या आकाराविषयी. 2020 च्या जनगणनेनुसार उवाजिमाची लोकसंख्या सुमारे 71 हजार होती, म्हणजे 2011 च्या रत्नागिरी शहरापेक्षा थोडी कमी. परंतु ही तुलना फसवी आहे. ऑगस्ट 2005 मध्ये उवाजिमा, योशिदा, मिमा आणि त्सुशिमा यांचे एकत्रीकरण होऊन आजचे शहर तयार झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 468 चौरस किलोमीटर असून त्यात भातखाचरे, डोंगर, बेटे आणि कोळ्यांच्या वाड्या असे सगळेच येते. कागदावर ते शहर असले तरी आपल्या मापाने तो एक तालुका आहे. किल्ल्याभोवतीची मूळ वस्ती, बाजारपेठ आणि रेल्वे स्थानक एवढा भाग पायी फिरता येतो. तुमच्या पुतण्याचे काम मात्र बहुधा तिथे नसून एखाद्या खाडीच्या तोंडावरच्या वाडीत असेल. तिथून बाजाराला येण्यासाठी बस मोजक्याच असतात. कामाची जागा नक्की कोणत्या वाडीत आहे हे त्याने आताच विचारून घ्यावे, कारण ‘उवाजिमा’ एवढ्या पत्त्यावरून काहीच कळत नाही.

आता समुद्राकडे वळतो. शिकोकू आणि क्यूशू या दोन बेटांच्या मधल्या समुद्राच्या पूर्व भागाला उवा समुद्र म्हणतात. किनारा करवतीच्या दात्यांसारखा आत-बाहेर गेलेला आहे, डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि खाड्या खोल आहेत. दक्षिणेकडून कुरोशिओ या उष्ण प्रवाहाचे पाणी अधूनमधून आत शिरत असल्याने पाणी हलते राहते आणि हिवाळ्यात फार गार होत नाही. आपल्याकडे जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते आणि त्या उधाणात खुल्या समुद्रात पिंजरा टिकणे कठीण असते. तिथे वादळाचे काही दिवस वगळता या आडोशाच्या खाड्यांत तरंगते पिंजरे बारा महिने उभे असतात. माझ्या मते उवाजिमाची सारी अर्थव्यवस्था या एका भौगोलिक सोयीवर उभी आहे.

या पिंजऱ्यांत मुख्यतः ‘मादाई’ नावाचा तांबूस मासा आणि ‘बुरी’ हा मोठा, चपळ मासा वाढवतात. जपानमध्ये पाळलेल्या मादाईचे निम्म्याहून अधिक उत्पादन एकट्या एहिमे प्रांतातून होते आणि त्याचे केंद्र म्हणजे हाच किनारा. लग्न, बारसे, नववर्ष अशा शुभप्रसंगी जपानी घरात हा मासा लागतो आणि त्याचा लाल रंग हाच त्याचा मान. खोल समुद्रात राहणारा हा मासा उथळ पिंजऱ्यात उन्हाने काळवंडतो, म्हणून पिंजऱ्यांवर काळे जाळीचे कापड ताणलेले असते. रंग खुलावा म्हणून खाद्यात कोळंबीवर्गातील जिवांपासून मिळणारे लाल द्रव्यही मिसळतात. बीज उबवणीकेंद्रातून येते आणि विक्रीयोग्य मासा तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात.

पुतण्याला करावी लागणारी कामे साधारण अशी : पहाटे होडीने पिंजऱ्यांवर जाणे, खाद्य घालणे, मेलेले मासे काढणे, शेवाळ धरलेली जाळी बदलणे, पिल्लांना लस टोचणे आणि विक्रीच्या दिवशी जिवंत मासे समुद्राच्या पाण्याच्या टाक्या असलेल्या मालमोटारीत चढवणे. काम अवघड नाही, पण अंगमेहनतीचे आहे, आणि जानेवारीच्या वाऱ्यात ओल्या हातांनी जाळी ओढणे कोकणातल्या मुलाला पहिल्या वर्षी जड जाते. व्यवसायात खाद्याचा खर्च सर्वांत मोठा असतो. उन्हाळ्यात सूक्ष्म शैवालांची लाल भरती (शैवाल अतोनात वाढून पाणी लालसर होणे, यात मासे मरतात) आली की मालकाच्या तोंडचे पाणी पळते. 2012 च्या उन्हाळ्यात अशा भरतीने या किनाऱ्यावर फार नुकसान केले होते.

दुसरा मोठा व्यवसाय मोत्यांचा. आकोया जातीच्या शिंपल्यात गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा बारीक तुकडा बसवतात. मग तो शिंपला जाळीत घालून खाडीत टांगून ठेवतात आणि हिवाळ्यात, पाणी थंड असताना, मोती काढतात, कारण त्या वेळी थर बारीक बसून चमक चांगली येते. आकोया मोत्यांच्या उत्पादनात एहिमेचे नाव जपानमध्ये अग्रभागी आहे. 2019 च्या उन्हाळ्यात लहान शिंपल्यांची मोठ्या प्रमाणावर मर झाली आणि पुढच्या संशोधनात त्यामागे विषाणू असल्याचे दिसून आले. मणी बसवण्याचे काम तासन्‌तास एका जागी बसून, अत्यंत स्थिर हाताने करायचे असते. त्या खोलीत परगावच्या नवख्या मुलाला पहिल्याच वर्षी बसवतील असे वाटत नाही.

हवेबाबत : सरासरी तापमान 17 अंशांच्या आसपास असते आणि उन्हाळा दमट, आपल्या ओळखीचा असतो. पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, पण जून-जुलैत पडतो तेव्हा जोराचा. हिवाळ्यात क्वचित बर्फही पडते. हे ऐकून वहिनींनी घाबरू नये.

कातळावरची_कलमे :

बागांविषयी मी लिहितो. देवगडच्या काही बागायतदारांबरोबर मी त्या भागातील फळबागा पाहिल्या आहेत. उवाजिमाचा उत्तरेकडचा योशिदा हा भाग एहिमेच्या संत्राशेतीतील सर्वांत जुन्या भागांपैकी एक. येथील फळ म्हणजे ‘मिकान’ : बिनबियांचे, सैल सालीचे, हाताने सोलता येणारे. ऑक्टोबरपासून तोडणी सुरू होते आणि वर्षअखेरीपर्यंत चालते.

डोंगर इतके उभे आहेत की आपण तिथे काजूसुद्धा लावायला कचरलो असतो. त्यांनी मात्र दगडी गडगे रचून पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या केल्या आहेत. मिकानवर तीन सूर्य असतात असे तिथले शेतकरी सांगतात : एक आकाशातला, दुसरा समुद्रावरून परावर्तित होणारा आणि तिसरा तापलेल्या दगडी गडग्यातून येणारा. आपल्या कातळावरच्या हापूसची चव कशामुळे येते याविषयी आपणही असेच बोलतो, त्यामुळे ते ऐकून मला परके वाटले नाही.

माझी नजर खिळली ती मात्र रुळावर. बागेतून वर-खाली एकच लोखंडी रूळ जमिनीपासून थोडा उंच टाकलेला असतो आणि त्यावर लहान इंजिन लावलेली गाडी दात्यांच्या आधाराने चढते-उतरते. फळांचे क्रेट, खत, औषध, सगळे तिच्यावर जाते. जपानमध्ये ही सोय 1960 च्या दशकात आली. आपल्याकडे आजही घाटीतल्या बागेतून आंब्याचे क्रेट डोक्यावर उतरवले जातात आणि दरवर्षी माणसे मिळत नाहीत म्हणून आपण कुरकुरतो. रस्ता करण्यासाठी डोंगर कापावा लागत नाही, हा त्या रुळाचा सर्वांत मोठा फायदा मला वाटतो, विशेषतः आपल्या दरडींचा अनुभव पाहता.

पण आबा, हे चित्र जितके हिरवे दिसते तितके सुखाचे नाही. युद्धानंतर सरकारच्या प्रोत्साहनाने जपानभर मिकानची इतकी लागवड झाली की 1975 च्या सुमारास उत्पादन 36 लाख टनांच्या वर गेले आणि भाव कोसळले. पुढे 1991 मध्ये परदेशी संत्र्यांची आयात खुली झाली. आज देशाचे मिकान उत्पादन 7 लाख टनांच्याही खाली आले आहे. टिकले ते शेतकरी दर्जाकडे वळले किंवा उशिरा येणाऱ्या इतर जातींकडे. उवाजिमात इटलीतील रक्तवर्णी संत्र्याची लागवडही होऊ लागली आहे. हवामान उबदार होत गेल्याने ते पीक तिथे जमू लागले, आणि जुन्या जातींना त्याच उष्णतेचा त्रास होतो. आंब्याचा मोहोर कसा वागतो हे पाहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको.

जुलै 2018 मधील अतिवृष्टीने योशिदा भागात असंख्य ठिकाणी दरडी कोसळल्या. माणसे गेली, बागा आणि रूळ वाहून गेले, आणि जलशुद्धीकरण केंद्रच मातीखाली गेल्याने हजारो घरांना जवळपास महिनाभर नळाचे पाणी नव्हते. ऐन उन्हाळ्यात बागेला औषध फवारायलाही पाणी नाही, अशी स्थिती होती. 2021 च्या जुलैमध्ये तळिये आणि चिपळूण येथे जे घडले ते पाहिलेल्या कोकणी माणसाला त्या डोंगरावरच्या उघड्या लाल खुणा लगेच ओळखता येतात. बागा पुन्हा उभ्या करण्याचे काम बरेच झाले आहे, परंतु कलम लावल्यावर फळाला वर्षे लागतात आणि सत्तरीतल्या मालकाने ते कुणासाठी लावायचे, हा प्रश्न तिथे प्रत्येक वाडीत आहे. मुले मात्सुयामा, ओसाका किंवा तोक्योला गेली आहेत. 2005 मध्ये एकत्रीकरण झाले तेव्हा शहरात सुमारे 89 हजार लोक होते, त्यावरून गळतीचा वेग लक्षात येईल.

म्हणून तुमच्या पुतण्याला तिथे बोलावले जात आहे. देवगड-रत्नागिरीच्या बागांत आज नेपाळी राखणदार आणि कामगार आहेत, कारण आपली मुले मुंबईला गेली. उवाजिमाच्या खाडीत आपली मुले जातील, कारण त्यांची मुले ओसाकाला गेली. यात कमीपणा नाही, पण घरच्यांनी जपान म्हटल्यावर चकचकीत इमारती डोळ्यांपुढे आणू नयेत.

वाचनवेडा_रत्नागिरी :

वरील दोन्ही उत्तरांत कामधंद्याचा भाग नेमका आला आहे. शहराचा इतिहास आणि उत्सव यांविषयी थोडी भर घालतो, कारण परक्या गावात राहताना ते माहीत असले की शेजाऱ्यांशी बोलायला विषय मिळतो.

शहराच्या मधोमध एका टेकडीवर उवाजिमाचा किल्ला आहे. तोदो ताकातोरा या किल्लेबांधणीत नावाजलेल्या सरदाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची उभारणी केली. 1615 मध्ये दाते हिदेमुने हा तेथील अधिपती झाला. उत्तर जपानमधील सेंदाईचा प्रसिद्ध एकाक्ष सरदार दाते मासामुने याचा तो पुत्र. आजचा तीन मजली लाकडी मनोरा दाते घराण्याने सतराव्या शतकात नव्याने बांधला. जपानमध्ये पूर्वीचे असे मूळ मनोरे फक्त बाराच शिल्लक आहेत आणि हा त्यांतील एक. 1945 मध्ये शहरावर बॉम्बहल्ले होऊन वस्तीचा मोठा भाग जळाला, पण मनोरा वाचला.

मला या गावात सर्वांत रस वाटतो तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील घडामोडींत. राजधानीपासून इतक्या दूरच्या या संस्थानाचा अधिपती दाते मुनेनारी याने पाश्चात्त्य विद्येच्या जाणकारांना आश्रय दिला. शासनाला हवा असलेला, तुरुंगातून निसटलेला वैद्य आणि विद्वान ताकानो चोएई याला त्याने गुपचूप ठेवून घेतले आणि त्याच्याकडून डच ग्रंथांचे भाषांतर करून घेतले. पुढे जपानच्या आधुनिक सैन्याची घडी बसवणारा ओमुरा मासुजिरो हाही 1853 पासून काही काळ येथे होता. वाफेवर चालणारे जहाज तयार करण्याचे काम मुनेनारीने गावातल्या एका हरहुन्नरी कारागिरावर सोपवले आणि 1859 मध्ये ते पाण्यात चाललेही. आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्गाची गोदी पाहिलेल्या माणसाला, आडबाजूच्या बंदरात असे कसब असू शकते याचे नवल वाटणार नाही.

उत्सवांपैकी मोठा म्हणजे जुलैच्या 22 ते 24 तारखांना होणारा वारेई देवस्थानाचा उत्सव. हे देवस्थान यांबे सेइबेई या कारभाऱ्याचे आहे. रयतेची बाजू घेणाऱ्या या कारभाऱ्याचा 1620 मध्ये कटातून खून झाला आणि पुढे लोकांनी त्याला देवपद दिले. कोळी लोकांची त्याच्यावर मोठी श्रद्धा आहे. उत्सवात ‘उशिओनी’ नावाचा बैलमुखी राक्षस रस्त्यांतून फिरवतात : लांबलचक अंग, उंच मान आणि ते वाहून नेणारा तरुणांचा जथा. तो घरांच्या दारांत मान घालून इडापिडा काढतो अशी समजूत आहे. शिमग्यातला संकासूर आणि घरोघरी जाणारी पालखी ज्याच्या अंगणात येते, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अखेरच्या रात्री मशालींच्या उजेडात देवाच्या पालख्या नदीच्या पात्रात धावत उतरतात.

बैलांच्या झुंजी वर्षातून मोजक्याच वेळा होतात आणि त्यांतील एक याच उत्सवात. टनभर वजनाचे दोन बैल डोक्याला डोके लावून रेटतात आणि एकाने पाठ फिरवली की सामना संपतो. बैलांना सुमो मल्लांसारखे दर्जे असतात. आपल्या कायद्याने अशा झुंजींना मनाई आहे आणि ती मला योग्य वाटते, म्हणून त्यांचे कौतुक मी अधिक लिहीत नाही.

वेळ मिळाल्यास पुतण्याने युसू येथील मिझुगाउरा ही वाडी जरूर पाहावी. समुद्रातून थेट वर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांची ती शेती आहे. काही ठिकाणी गडग्याची उंची वरच्या शेताच्या रुंदीहून अधिक भरते. मासेमारीवर जगणाऱ्या लोकांनी आधी रताळी, मग रेशमाच्या किड्यांसाठी तुती आणि आता बटाटे, अशी पिके तिथे घेतली. 2007 मध्ये जपान सरकारने त्या वाडीला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून संरक्षण दिले.

वेंगुर्लेकर_आबा :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिन्ही उत्तरे बंधू आणि वहिनी यांना वाचून दाखवली. जेवणाची चिंता नाही, कारण मुलगा मासे खातो. दोन शंका उरल्या आहेत. पहिली भूकंप आणि त्सुनामीची, आणि त्या भागात अणुऊर्जा प्रकल्प आहे असेही कुणी तरी घरी येऊन सांगितले आहे. दुसरी पैशाची : जागा मिळवून देणारा मध्यस्थ आगाऊ रक्कम मागत आहे, ती द्यावी का?

दर्यासारंग :

जेवणाचे निघालेच आहे म्हणून सांगतो : लहान मासे काट्यासकट वाटून तळलेले ‘जाकोतेन’ मुलाला नक्की आवडेल. तिथला मादाईचा भात म्हणजे गरम भातावर कच्च्या माशाचे काप आणि कच्चे अंडे घातलेला सोया सॉसचा रस. त्याला मात्र सवय होऊ द्यावी लागेल.

भूकंपाचा धोका खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. शिकोकूच्या दक्षिणेला समुद्रतळाशी जी नानकाई खाच आहे, तिथे साधारण शंभर ते दीडशे वर्षांच्या अंतराने मोठे भूकंप होत आले आहेत. यापूर्वीचे 1944 आणि 1946 मध्ये झाले. 17 एप्रिल 2024 रोजी शिकोकू आणि क्यूशू यांच्यामधील बुंगो सामुद्रधुनीत 6.6 क्षमतेचा धक्का बसला, तेव्हा हा सारा किनारा हादरला होता. म्हणूनच प्रत्येक वाडीत उंच जागी जाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्यांच्या कवायती होतात. कामाच्या पिंजऱ्यापासून किनारा आणि किनाऱ्यापासून उंचवटा किती दूर आहे, हे त्याने पहिल्याच आठवड्यात चालून पाहावे. अणुऊर्जा प्रकल्प आहे तो इकाता येथे, उवाजिमाच्या वायव्येला असलेल्या लांब द्वीपकल्पावर. त्याच्या तीन अणुभट्ट्यांपैकी दोन कायमच्या बंद केल्या असून तिसरी वापरात आहे. तिच्यावरून तिथे न्यायालयीन लढायाही झाल्या आहेत. जैतापूरचा वाद जवळून पाहिलेल्या आपल्या लोकांना त्यावर काय मत बनवायचे हे मी सांगू इच्छित नाही.

पैशाबाबत माझे मत स्पष्ट आहे : लेखी करार हातात आल्याशिवाय आणि मध्यस्थाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कुशल कामगारांच्या या व्हिसा-प्रवर्गाच्या पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते आणि कुटुंबाला सोबत नेता येत नाही. कामगार स्थानिक असो वा परदेशी, किमान वेतन त्याला लागू असते. 2024 मध्ये एहिमेत ते ताशी 956 येन ठरले होते, तर तोक्योत 1,163. खेड्यात घरभाडे कमी असते, तरी हा फरक लक्षात ठेवावा. करार वाचताना भाडे, वीज आणि विमा यांची पगारातून होणारी कपात आकड्यांत लिहिलेली आहे का ते पाहावे. जपानमध्ये यांत्रिक होडी चालवण्यासाठी लहान जहाजाचा परवाना लागतो. तो काढण्याचा खर्च मालक करणार की मुलगा, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.